लपवण्याच्या घाईत ओलं राहतं

प्रश्न : ताई, नमस्कार. असला प्रश्न तुम्ही छापता की नाही माहीत नाही, पण विचारायला दुसरी जागा नाही. मी ५१ वर्षांची, धायरीला राहते. मिस्टरांना जाऊन सहा वर्षं झाली. घरात सासूबाई आणि नोकरी करणारी मुलगी. दोन वर्षांपूर्वी एका जवळच्या मैत्रिणीने मला दोन व्हायब्रेटर आणून दिले. एक जांभळा, मऊ, जेलीसारखा, सेलवर चालणारा. दुसरा जरा घट्ट, चार्जिंगचा. खोक्यांवर फक्त ‘पर्सनल मसाजर’ एवढंच. वापरून झालं की पाण्याखाली धरायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायचे आणि गोदरेजच्या कपाटात स्वेटरांच्या खाली सारायचे, असं चाललं होतं. यंदा श्रावणात पिशवी उघडली तर जांभळा चिकट झालेला, त्यावर पांढरे ठिपके, कुबट आणि डांबराच्या गोळ्यांचा मिळून वास. दुसऱ्यालाही त्याचा जांभळा डाग लागलेला. घाबरून दोन्ही अर्धा तास अँटिसेप्टिकमध्ये बुडवून ठेवले, धुतले आणि दोन दिवसांनी वापरले. त्यानंतर आठ दिवस नुसती आग आग होत होती. अजूनही मधूनच खाज येते. डॉक्टरकडे जाऊन सांगू काय? या वस्तू नीट धुवायच्या कशा, ठेवायच्या कुठे? आणि हसू नका, पण रात्री कधी कधी मनात येतं, मी अचानक गेले आणि मुलीने कपाट आवरायला काढलं तर?
— एक वाचक, धायरी

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात हसण्यासारखं काहीच नाही. आणि हो, असले प्रश्न छापतो. मराठीत ते छापायला लागून शंभर वर्षं होत आली. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, त्यात ते वाचकांच्या शरीराविषयीच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत. त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. एवढ्या मोठ्या माणसांनी ज्या प्रश्नांसाठी कोर्टाची पायरी चढली, ते विचारताना तुम्ही माफी मागायचं कारण नाही.

आधी तब्येतीचं, कारण ते थांबू शकत नाही.

खाज पूर्ण जाईपर्यंत दोन्ही वस्तू वापरायच्या नाहीत. आतून काही लावायचं नाही, पाणी मारून धुवायचं नाही, औषधाच्या दुकानातून कुणी सांगितलं म्हणून क्रीम आणायचं नाही. तुम्हाला झालं ते बहुतेक असं. जखमेवर लावायच्या अँटिसेप्टिकमध्ये क्लोरोझायलेनॉलसारखं रसायन असतं. हातापायाच्या जाड कातडीवर, भरपूर पाण्यात मिसळून ते चालतं. योनीमार्गाचं अस्तर मात्र तोंडाच्या आतल्या भागासारखं नाजूक आणि ओलसर असतं. अर्धा तास बुडवलेल्या मऊ जेलीने ते रसायन स्पंजसारखं पिऊन घेतलं, वरून धुतलं तरी आतलं राहिलं आणि नंतर शरीराच्या उबेने हळूहळू बाहेर आलं. ती आग म्हणजे रासायनिक चटका होता.

तुमच्या वयाचाही त्यात वाटा आहे. योनीमार्ग स्वतःची काळजी स्वतः घेतो. तिथले लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू आम्ल तयार करतात, त्यामुळे पाळी चालू असलेल्या वयात तिथला पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि वाईट जंतूंना पाय रोवता येत नाहीत. पाळी जायच्या सुमाराला इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होतं, अस्तर पातळ होतं, कोरडेपणा येतो, पीएच वाढतो. पस्तिशीत जे खपून गेलं असतं ते पन्नाशीत झोंबतं.

अजून खाज आहे म्हणजे एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, याच आठवड्यात. अंगावरून दह्यासारखं पांढरं जात असेल आणि खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. पातळ, करडं आणि माशासारख्या वासाचं जात असेल तर जंतूंचं गणित बिघडलेलं असतं. दोन्हींची औषधं वेगळी, म्हणून अंदाजाने उपचार नकोत. ओटीपोटात दुखणं, ताप किंवा रक्त दिसणं यांपैकी काही असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका. बुरशी परत परत होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि गेलाच आहात तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणीही करून या. या वयात ती राहून गेलेली असते आणि बायका स्वतःहून विचारत नाहीत.

डॉक्टरांना सांगायचं काय? मी या व्यवसायात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे हे वाक्य मीच तुम्हाला देते, तसंच्या तसं म्हणा : “मी व्हायब्रेटर वापरते. तो अँटिसेप्टिकमध्ये बुडवला होता, नंतर वापरला, तेव्हापासून आग आणि खाज आहे.” एवढंच. खुर्चीवर बसल्या बसल्या, पर्स मांडीवर असतानाच म्हणून टाका, म्हणजे पोटात गोळा धरून ताटकळावं लागत नाही. माझ्याकडे एक बाई तीन महिने वेगवेगळ्या क्रीम लावून आल्या होत्या. चौथ्या भेटीत, दाराच्या कडीला हात लावल्यावर त्या मागे वळल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, मी एक वस्तू भांड्याच्या साबणाने धुते, त्याने काही होत असेल का?” तीन महिन्यांचा त्रास त्या एका वाक्यात सुटला. त्या दिवशी मला त्यांचा नाही, स्वतःचा राग आला होता. पहिल्याच भेटीत विचारायला मलाही सुचलं नव्हतं. तुमच्या डॉक्टरांनी भुवया उंचावल्या तर पुण्यात दुसरे डॉक्टर खूप आहेत. बदला.

आता त्या दोन वस्तूंकडे येऊ. जांभळा फेकून द्या. त्याला वाचवण्याच्या भानगडीत पडू नका.

तो चिकट का झाला ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या खरेदीला उपयोग होईल. जेलीसारख्या मऊ वस्तू बहुतेक वेळा पीव्हीसीच्या नाहीतर टीपीई नावाच्या रबरी प्लॅस्टिकच्या असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या नळाचे पाइप त्याचेच. ते मऊ करायला त्यात तेलकट रसायनं मिसळतात. थॅलेट नावाची रसायनं त्यातलीच. त्यातली काही युरोपात लहान मुलांच्या खेळण्यांत वजनाच्या ०.१ टक्क्यापेक्षा जास्त चालत नाहीत. टीपीईमध्येही मऊपणासाठी तेल असतं. ही तेलं काही त्यात पक्की बांधलेली नसतात. उन्हाळ्याच्या उष्म्याने, काळाने, दुसऱ्या प्लॅस्टिकला टेकून राहिल्याने ती पाझरतात. तुमच्या पिशवीत दोन वस्तू एकमेकींना चिकटून होत्या, म्हणून रंग तेलाबरोबर पलीकडे गेला. त्यात डांबराच्या गोळ्या. त्यांतलं नॅप्थालीन घन अवस्थेतून थेट हवेत उडतं आणि मऊ प्लॅस्टिक, रबर ते शोषून घेतात. आपल्या स्वेटरांना आठवडाभर वारा दिला तरी वास जात नाही, मग या स्पंजातून कुठून जाणार?

दुसरी गोष्ट, या मऊ पदार्थांना सूक्ष्म छिद्रं असतात. डोळ्याला वस्तू गुळगुळीत दिसते, पण ओल आणि जंतू त्या छिद्रांत बसतात आणि वरचा साबण तिथपर्यंत पोहोचत नाही. उकळायचं म्हटलं तर ती वितळते. तुमचे पांढरे ठिपके नखाने खरवडून खडूसारखे निघाले असतील तर ते टँकरच्या पाण्यातले क्षार, आणि मऊ, केसाळ असतील तर बुरशी. पण आता ते ओळखत बसायचं कारण नाही. दोन्ही असली तरी उत्तर तेच.

टाकताना मात्र एक माझ्यासाठी करा. सेल काढून घ्या. ते ई-कचऱ्यात जातील. बाकीची वस्तू धुऊन, जुन्या वर्तमानपत्रात दोन-तीन वेढे गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताईंनी सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी हा लाल ठिपका रुजवला. ठिपका दिसला की ते पुडकं उघडायचं नाही, हे त्यांना कळतं. तुमची वस्तू कुणी उघडून पाहणार नाही, आणि एखाद्या बाईचा उघडा हात नको तिथे लागणार नाही. बिघडलेली चार्जिंगची वस्तू असेल तर आतली लिथियम बॅटरी उचकटायला जाऊ नका. स्वच्छ पुसून अख्खीच्या अख्खी ई-कचऱ्यात द्या.

दुसरी वस्तू वाचेल असं वाटतं. घट्ट आहे, चिकट झालेली नाही, म्हणजे बहुधा सिलिकॉनची. हातात घेऊन बघा. नवीन रेनकोटसारखा वास आला तर तीही पीव्हीसी समजा. वास नाही, दाबली तर घट्ट पण लवचिक, पृष्ठभाग मॅट आणि त्यावर कापसाचा बारीक धागा सहज चिकटतो, हे सिलिकॉनचं लक्षण. काही जण काडीने जाळून पाहायला सांगतात, ते अजिबात करू नका. जांभळा डाग साबणाने गेला नाही, तो भाग बुळबुळीत लागला किंवा अँटिसेप्टिकचा वास अजून येत असेल, तर दोन दिवस शोक करून हीसुद्धा टाका. पैसे गेले तर गेले.

खोक्यावर नीट माहिती नसते हा तुमचा दोष नाही. आपल्याकडे या वस्तू ‘मसाजर’ या नावाने येतात. बॉडी मसाजरचा कस्टम विभागाने अडवलेला माल सोडण्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ साली कायम ठेवला, तोही ‘हे सेक्स टॉय म्हणता येणार नाहीत’ असं म्हणत. नाव लपवायचं म्हटलं की घटकही लपतात, आणि ते शेवटी बाईच्या अंगावर निघतं याचं मला फार वाईट वाटतं. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने २०२१ साली अशा वस्तूंसाठी आयएसओ ३५३३ नावाचं मानक काढलं आहे, पण ते पाळण्याची सक्ती नाही. म्हणून पुढच्या वेळी माहितीत ‘मेडिकल ग्रेड सिलिकॉन’, बोरोसिलिकेट काच, स्टेनलेस स्टील किंवा एबीएस हे कडक प्लॅस्टिक, यांपैकी काही स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. ‘जेली’, ‘खऱ्या त्वचेसारखं’ असं काही लिहिलेलं असेल तर मैत्रिणीला तिथूनच नाही म्हणा. आणि घरात स्वतःपुरती अशी वस्तू बाळगणं हा गुन्हा नाही, हेही जाता जाता सांगते, कारण ती भीती पुष्कळ बायकांच्या मनात असते.

आता धुणं. तुम्ही लिहिलंय, ‘पाण्याखाली धरायचे’. तेवढ्याने होत नाही.

कोमट पाणी आणि बिनवासाचा सौम्य साबण घ्या. तान्ह्या बाळाचा चालतो. गुलाब, चंदन, लिंबू असलं काही नको, कारण सुगंधाचा अंश मागे राहतो आणि तोच झोंबतो. फेस हातावर करा आणि वस्तू कमीत कमी अर्धा मिनिट सगळीकडून चोळा. अर्धा मिनिट बोलायला लहान वाटतं, प्रत्यक्षात आपण सात-आठ सेकंदांतच आवरतं घेतो. घड्याळ लावून एकदा बघा.

आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून वस्तूची शिवण पाहा. साच्यातून काढताना दोन अर्ध जिथे जुळतात तिथे एक केसाएवढी रेघ असते. बटणांच्या भोवती खाच असते, चार्जिंगच्या तोंडाशी दुसरी. दिव्याच्या सरळ उजेडात काही दिसत नाही, तिरक्या उजेडात त्या रेघेत पांढुरकी, वाळलेली साय दिसते. दुधाचं भांडं विसळून ठेवलं की काठाखाली राहते ना, अगदी तशी. जंतूंचं घर ते. लहान बाळांचा मऊ टूथब्रश त्यासाठी वेगळा ठेवा आणि त्या रेघेवरून हळू फिरवा. भांडी घासायची जाळी, तारेची घासणी अजिबात नको. तिने ओरखडे पडतात आणि ओरखड्यात पुन्हा तेच.

बुडवण्याआधी माहितीपत्रक बघा. ‘आयपीएक्स७’ लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात तीस मिनिटं बुडली तरी आत पाणी जाणार नाही, असा त्याचा अर्थ. ‘आयपीएक्स४’ म्हणजे फक्त शिंतोडे सोसेल. काहीच लिहिलं नसेल तर नळाखाली धरू नका. साबणाच्या ओल्या मऊ फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसून साबण काढा. चार्जिंगचं तोंड नेहमी वर ठेवा.

धायरीत सोसायटीला टँकर येत असेल, तर शेवटचं पाणी प्यायच्या फिल्टरचं घ्या. एक तांब्या पुरे. बोअरच्या, टँकरच्या पाण्यातले क्षार वाळले की बारीक खडबडीत थर बसतो आणि पातळ अस्तराला तो टोचतो. बाथरूमच्या नळावर पांढरं दिसतं तेच हे.

उकळण्याविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण मैत्रिणीने सांगितलं म्हणून कुणी तरी मोटर असलेली वस्तू पातेल्यात टाकतं, म्हणून लिहिते. मोटर, बॅटरी, बटण असलेली कुठलीही वस्तू उकळायची नाही. तुमची चार्जिंगची आहे, तिला साबण-पाणीच. मोटर नसलेली संपूर्ण सिलिकॉनची, स्टीलची वस्तू पाच मिनिटं खळखळ उकळून काढता येते. पातेलं त्यासाठी वेगळं घ्या, तुळशीबागेत छोटं स्टीलचं सहज मिळतं. तळाशी सुती रुमाल घालावा, म्हणजे वस्तू थेट तापलेल्या तळाला टेकत नाही. बोरोसिलिकेट काच असेल तर गार पाण्यातच ठेवून मग गॅस पेटवावा आणि त्याच पाण्यात निवू द्यावी. उकळत्या पाण्यातून काढून नळाखाली धरली तर तडा जाऊ शकतो, आणि बारीक तडा गेलेली काच पुन्हा कधीही वापरायची नाही.

सॅनिटायझर, लिंबू, खायचा सोडा, जखमेचं अँटिसेप्टिक, फिनाइल यांतलं काही नको. ऊन दाखवू का, असंही मला विचारतात. गादीला, लोणच्याच्या बरणीला ऊन द्यायची आपली सवय चांगली आहे, पण प्लॅस्टिक कडक उन्हात खराब होतं आणि उन्हाने धुण्याचं काम होत नाही.

धुणं दोनदा करायचं, वापरानंतर आणि वापराआधीही. कपाटातली धूळ, लोकरीचे तंतू आपल्याला दिसत नाहीत.

कोरडेपणासाठी खोबरेल वापरत असाल तर तेही थांबवा. घरात असतं, नैसर्गिक आहे, म्हणून सगळ्याजणी तेच घेतात. पण ते साबणानेही पटकन निघत नाही, शिवणीत बसतं, खवट होतं. शिवाय कुणी वस्तूवर लॅटेक्सचा कंडोम चढवत असेल तर तेलाने तो फाटतो. औषधाच्या दुकानात ‘वॉटर बेस्ड ल्युब्रिकंट जेली’ मागा. सिलिकॉनचं ल्युब्रिकंट सिलिकॉनच्या वस्तूला घेऊ नका, पृष्ठभाग खराब होऊ शकतो. तुमच्या वयाचा कोरडेपणा नुसत्या जेलीने भागत नसेल तर डॉक्टर इस्ट्रोजेनचं स्थानिक क्रीम देऊ शकतात. तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

जे जोडीने वापरतात त्यांच्यासाठी दोन ओळी. माणूस बदलला की वस्तूवर नवा कंडोम. गुदद्वाराशी वापरलेली वस्तू न धुता, कंडोम न बदलता योनीकडे कधीही न्यायची नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे असतो तो एचपीव्ही विषाणू साध्या धुण्याला चिवटपणे तोंड देतो, त्यामुळे धुतलं म्हणजे दोघांत निर्धास्त वापरलं असं नाही. त्याच्यावरची लस आता आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची मिळते, २०२३ पासून, ९ ते २६ वर्षांच्या मुलींना आणि मुलांनाही. तुमची मुलगी त्या वयात असेल तर तिच्याशी या लशीबद्दल बोला. त्यासाठी कपाटाची गोष्ट काढावी लागत नाही.

आता ठेवणं. मला सगळ्यात जास्त याचविषयी बोलायचंय.

तुमच्या पत्रातलं ‘गुंडाळायचे आणि सारायचे’ हे मी अधोरेखित करून ठेवलं होतं. इतकी वर्षं मी पाहते आहे, बायकांना त्रास होतो तो वस्तूने क्वचित, लपवण्याच्या घाईने जास्त. पाऊल वाजलं, सासूबाई उठल्या, मुलीने हाक मारली, की ओली वस्तू प्लॅस्टिकमध्ये जाते. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुण्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे बंद पिशवीतल्या ओल्या प्लॅस्टिकचं काय होणार?

म्हणून धुण्याला पाच मिनिटं लागत असतील तर वाळवण्याला दहा मिनिटं धरा, आणि ती मिळणार नसतील तर त्या दिवशी वापरू नका. जुना सुती पंचा घ्या, टॉवेल नको, त्याचे धागे सुटतात. टिपून घ्या, शिवणीत पंच्याचं टोक घालून टिपा. मग दुसऱ्या कोरड्या पंच्यात सैल गुंडाळून पंख्याखाली, उशीच्या बाजूला राहू द्या. झोपताना वापरत असाल तर रात्रभर तिथेच राहू द्या, सकाळी आत ठेवा. कुणी पाहिलं तर पंचा दिसेल.

नंतर सुती बटव्यात. जुन्या कॉटनच्या साडीचा, नाडीचा बटवा शिवा. दोन वस्तू असतील तर बटवे दोन, एकमेकींना टेकायला नकोत. बटवा श्वास घेतो, उरलीसुरली ओल निघून जाते. त्यात नव्या पर्सच्या, बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. डांबराच्या गोळ्या, कापूर, अत्तराचा फाया यांच्या कप्प्यात ठेवायचं नाही. स्वेटरांचा कप्पा सोडा, रोजच्या साड्यांच्या कप्प्यात जागा करा. पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेलं कपाट एप्रिल-मेमध्ये तापतं, तेही टाळा.

सेलवरची वस्तू असेल तर प्रत्येक वेळी सेल काढून ठेवा. पडून राहिलेले सेल फुटून आतला क्षार बाहेर येतो आणि तो कातडीला भाजतो. तुमच्या चार्जिंगच्या वस्तूला पूर्ण संपवून महिनोन्‌महिने ठेवू नका. साधारण निम्मी चार्ज करून ठेवावी, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा थोडी करावी. ओली असताना चार्जरला लावायची नाही, रात्रभर लावून झोपायचं नाही. वेळच्या वेळी न्याहाळतही जा. चीर, चिकटपणा, रंग बदलणं, नवा वास, यातलं काही दिसलं की तिची सेवा संपली.

आणि कुलूप. आकड्यांचं कुलूप असलेली मेकअपची छोटी पेटी मिळते. ती घ्या, आत बटवा. दागिने आणि कागदपत्रं ठेवतो तसंच. एकत्र कुटुंबातल्या बाईला एक कुलपाची जागा असावी, हे मी व्हायब्रेटर नसलेल्या बायकांनाही सांगते. पेटी आहे म्हटल्यावर पावलं वाजली तरी धावपळ होत नाही, आणि ओलं आत जात नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला.

मी अचानक गेले तर. मला हा प्रश्न तुमच्या आधीही काही जणींनी विचारलाय, बहुतेक सगळ्या एकट्या, आणि सगळ्यांनी तो ‘जाता जाता’ म्हणून विचारला. तुमच्या मुलीला उद्या काही सापडलंच, तर काय वाटेल ते मी नक्की सांगू शकत नाही. पण आईच्या औषधाच्या डब्या, चष्म्याचा जुना नंबर, रुमालात बांधलेली नाणी हे सगळं आवरणारी मुलगी त्या वेळी आईला दोष द्यायला बसलेली नसते, इतकं मी माझ्या आईचं कपाट आवरलं आहे म्हणून सांगते. माझ्या हाताला तिच्या उशीखाली एक मोरपिशी रुमाल लागला होता. तो कुणाचा, कुठला, मला अजून माहीत नाही. मी तो धुऊन घडी घालून ठेवला आहे.

तरीही मनाला घोर नको असेल तर सोपा मार्ग आहे. जिने तुम्हाला या वस्तू आणून दिल्या, त्या मैत्रिणीला घरी चहाला बोलवा. पेटीचा आकडा तिला सांगा. म्हणा, मला काही झालं तर साड्यांच्या कप्प्यातली ती पेटी तू न उघडता घेऊन जायची, आणि तुझी कुठे असते ते मला सांगून ठेव. तिलाही ही काळजी असणार, मला खात्री आहे. आणि जांभळ्याची गोष्टही तिला सांगा. तिच्याकडे तसलाच एक असेल.

तुमची,
डॉक्टर ताई